परिचारिकेचा मान आणि तिची नोकरी

नागपूर जिल्ह्यातील कन्हान हे नदी आणि कोळशाच्या खाणी यांच्या सान्निध्यात वाढलेले गाव. राज्यातील अशा गावांमधून राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली राबणाऱ्या कित्येक परिचारिकांची नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची असते. रुग्णाला धीर देणारीलाच उद्याचा भरवसा नसावा, ही विसंगती रमाबाई रानडे यांच्या चरित्राच्या प्रकाशात अधिकच बोचते.

आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे १८६२ साली कुर्लेकर घराण्यात रमाबाईंचा जन्म झाला. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकविले आणि घरातील बायकांचे टोमणे सोसून त्या शिकल्या. १९०१ साली वैधव्य आले. काही काळ एकांतात काढल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य निराधार स्त्रियांच्या कार्याला वाहिले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने पुणे सेवासदन उभे राहिले आणि लवकरच तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या.

हे पाऊल साधे नव्हते. परपुरुषाची शुश्रूषा, परजातीच्या रुग्णाचा स्पर्श, रात्रीचे घराबाहेर राहणे, यांपैकी काहीच त्या काळच्या कुलीन घरांना मानवणारे नव्हते. रमाबाईंनी या मुलींना सेवेचा नुसता उपदेश केला नाही. त्यांच्या राहण्यासाठी वसतिगृह उभारले, शिक्षणाची सोय केली आणि पाठीशी संस्थेचे बळ दिले. परिचर्या हे परोपकाराचे व्रत असले, तरी विधवेच्या दृष्टीने ती प्रथम स्वतंत्र उपजीविका होती, हे त्यांनी ओळखले होते. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

परिचारिकेच्या गणवेशाकडे आज कोणी हीनतेने पाहत नाही. गौरवाची भाषणेही होतात. परंतु मे २०२२ मध्ये बाह्य संस्थांमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिकांना संपाचे हत्यार उपसावे लागले. योजनेचा निधी मुदतीचा असतो, असे शासनाकडून सांगितले जाईल; पण रोग काही मुदत पाहून येत नाही. कायम गरजेचे काम तात्पुरत्या माणसांकडून करून घेणे ही काटकसर नव्हे, तो अन्याय आहे. रमाबाईंनी या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तिला स्थैर्याची जोड देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.