कारीचे जेधे, पुण्याचे केशवराव : तीनदा वाट बदललेला नेता

भोर-वेल्ह्यातून एसटीनं पुण्याला गेलं की स्वारगेटला उतरायचं. त्या चौकाला नाव आहे देशभक्त केशवराव जेधे चौक. रोज हजारो माणसं तिथून जातात, पण हे जेधे मूळचे आपल्या भोर तालुक्यातल्या कारीचे, हे किती जणांना ठाऊक असतं? शिवरायांना साथ देणाऱ्या कान्होजी जेध्यांचं हे घराणं.

केशवरावांचा जन्म २१ एप्रिल १८९६ चा. पुण्यात शुक्रवार पेठेतला जेधे मॅन्शन हा त्यांचा वाडा, म्हणजे ब्राह्मणेतर चळवळीचं ठाणंच. थोरले बंधू बाबुराव सत्यशोधक. तरुण केशवराव तेव्हा चांगलेच तापट होते. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' त्यांनी प्रकाशित केलं. टिळक आणि चिपळूणकरांवर त्यात जहरी टीका होती. खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सोडवलं. पुढं महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना ब्राह्मणांना बाहेर ठेवा, अशी अट जेधे-जवळकरांनी घातली. बाबासाहेबांनी ती मानली नाही.

हाच माणूस १९३० च्या कायदेभंगात काँग्रेसमध्ये गेला आणि तुरुंगातही गेला. काकासाहेब गाडगीळांशी त्यांची जोडी जमली. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर एकाच व्यासपीठावर! कालपर्यंत काँग्रेसला भटा-शेटजींचा पक्ष म्हणणारा खेड्यातला बहुजन शेतकरी या जोडीमुळं काँग्रेसकडं वळू लागला. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच म्हणावं लागेल. पुढं ते प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, घटना समितीतही बसले.

मग बिनसलं. पक्षात शेतकऱ्याला विचारत नाहीत, ही खदखद होती. १९४७-४८ च्या सुमारास शंकरराव मोरे वगैरे मंडळींबरोबर त्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला. यशवंतराव चव्हाण मात्र काँग्रेसमध्येच थांबले. त्याच १९४८ साली भोर संस्थानही विलीन झालं, म्हणजे आपल्याकडं राजाही गेला आणि नवा पक्षही आला. १९५० मध्ये दाभाडीला शेकापनं मार्क्सवादाची वाट धरली. केशवरावांचा पिंड काही तो नव्हता. १९५२ च्या निवडणुकीत पक्षाला अपेक्षेपेक्षा फार कमी यश आलं, आणि १९५४ मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले.

आज कुणी पक्ष बदलला की चावडीवर लगेच हिशोब सुरू होतो, काय मिळालं म्हणून. केशवरावांवरही टीका झालीच. स्वतः काढलेला पक्ष सोडायचा, सोबत आलेल्या कार्यकर्त्यांना मागं ठेवायचं, हे साधं नव्हतं. पण ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, त्या सभेचे अध्यक्ष केशवरावच होते. सगळ्या पक्षांची माणसं एकत्र बसवायला तेव्हाही त्यांचंच नाव चाललं.

१९५७ ला पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट होती. तरी बारामतीतून काँग्रेसचे केशवराव लोकसभेवर निवडून आले. १२ नोव्हेंबर १९५९ ला ते गेले. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते.

१९६० च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभं केलं. समोर होते शेकापचे वसंतराव पवार, म्हणजे शरद पवारांचे थोरले बंधू. शरदरावांनी भावाविरुद्ध काँग्रेसचा प्रचार केला. केशवरावांनीच उभ्या केलेल्या पक्षाला हरवून गुलाबराव दिल्लीला गेले.