पश्चात्ताप दगडात कोरणारा राजा

गीतेच्या 16व्या अध्यायातल्या दैवी गुणांत अहिंसा आहे. ती समजून घ्यायला सम्राट अशोक आठवूया. राज्याभिषेकानंतर 8 वर्षांनी त्याने कलिंग जिंकलं. त्याच्याच शिलालेखानुसार 1 लाख माणसं मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली. जिंकूनही राजा हळहळला, बुद्धाच्या वाटेला लागला आणि हा पश्चात्ताप त्याने ठिकठिकाणी कोरून घेतला.

पण खुद्द कलिंगात, आजच्या ओडिशातल्या धौलीच्या खडकावर तो मजकूर नाहीये! तिथे सगळी प्रजा आपली लेकरं आहेत असं सांगून अधिकाऱ्यांना न्यायाने वागायची ताकीद दिलीये. वर खडकातून बाहेर येणारा शांत हत्ती, बुद्धाचं प्रतीक.

मला यात एवढंच दिसतं: ज्याला दुखावलं, त्याच्यापुढे आपलं दुःख मांडण्याआधी त्याची काळजी घ्यावी. आज हे करून बघूया.