कर्नल ऑल्कॉट : बौद्धांचे वकीलपत्र घेणारा अमेरिकन

विहारात धम्मध्वज चढवताना पोरं हमखास विचारतात, हा झेंडा केला कुणी? निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी आणि शेवटी या पाचांचा मिळून सहावा पट्टा. याचे उत्तर देताना हेन्री स्टील ऑल्कॉट या अमेरिकन वकिलाचे नाव निघते.

ऑल्कॉट यांचा जन्म 2 ऑगस्ट 1832 रोजी न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज गावी झाला. सुरुवातीला ते शेतीशास्त्राचे अभ्यासक होते. अमेरिकेतील यादवी युद्धात सरकारने त्यांना युद्धखात्याचे खास चौकशी अधिकारी नेमले. लष्कराला माल पुरविणाऱ्या ठेकेदारांची लबाडी उघडकीला आणणे हे त्यांचे काम. 1865 साली अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला, त्या तपासातही ते होते. पुढे 1868 साली त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये विम्याच्या कज्ज्यांत चांगले नाव कमावले.

1875 साली त्यांनी मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्यासोबत थिऑसॉफिकल सोसायटी काढली. त्यातले गूढविद्येचे प्रकार आपल्याला पटणारे नाहीत, हे इथेच सांगितलेले बरे. चालती वकिली सोडून फेब्रुवारी 1879 मध्ये दोघे आपल्या मुंबईत उतरले, गिरगावात राहिले. 1882 च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला जाईपर्यंत मुंबई हेच त्यांचे ठाणे होते.

मुंबईहूनच ते सिलोनला गेले आणि 25 मे 1880 रोजी गॉल येथे त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले. इथून त्यांची खरी वकिली सुरू झाली असे मी मानतो! तिथे बौद्ध बहुसंख्य, पण शाळा मिशनऱ्यांच्या हातात. ऑल्कॉट यांनी बैलगाडीने गावोगाव फिरून बौद्ध शाळांसाठी पैसा उभा केला, 1881 साली प्रश्नोत्तररूपाने धम्माचे पुस्तक लिहिले. 1883 मध्ये कोलंबोत बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला, गुन्हेगार मोकळे सुटले. तेव्हा बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून 1884 साली ते थेट लंडनला वसाहत खात्याकडे गेले. वैशाख पौर्णिमेची सुटी आणि लग्नं नोंदवायला बौद्ध रजिस्ट्रार, या त्यांतल्या दोन मागण्या. सुटी 1885 साली मिळाली. त्याच वैशाखाला हा ध्वज प्रथम फडकला. तो एकट्या ऑल्कॉट यांनी केला असे म्हणतात, ते खरे नाही. कोलंबोच्या बौद्ध समितीने तो तयार केला. तो लांबलचक होता, म्हणून नेहमीच्या झेंड्याच्या मापाचा करा, असे ऑल्कॉट यांनी सुचविले. पुढे जागतिक बौद्ध भ्रातृत्व संघाने तो साऱ्या बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. या संघाच्या 1950 च्या पहिल्या परिषदेला बाबासाहेब कँडीला गेले होते.

आपल्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट मद्रासची. ज्यांना शाळेच्या ओट्यावरही उभे करत नसत, त्या पंचम मुलांसाठी ऑल्कॉट यांनी 1894 साली अड्यारला मोफत शाळा काढली. पुढे पंडित अयोथीदास त्यांच्याकडे आले. पूर्वी आम्ही बौद्धच होतो, असे त्यांचे म्हणणे. 1898 साली ऑल्कॉट त्यांना घेऊन कोलंबोला गेले आणि सुमंगल महाथेरो यांच्याकडून त्यांना पंचशील मिळाले. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या 58 वर्षे आधी! परतल्यावर अयोथीदासांनी मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला.

17 फेब्रुवारी 1907 रोजी अड्यारलाच ऑल्कॉट यांचे निधन झाले. कोलंबोच्या फोर्ट रेल्वे स्टेशनसमोर त्यांचा पुतळा आहे. तिकडे धम्मयात्रेला जाणाऱ्यांनी गाडी धरण्याआधी तो जरूर पाहावा.