फ्रेडरिक बँटिंग : पहिल्या वर्षी नापास झालेला शास्त्रज्ञ

मुलांनो, १४ नोव्हेंबर म्हटले की तुमच्या आई-बाबांना शाळेतला बालदिन आठवतो. भारतात तो पंडित नेहरूंचा वाढदिवस म्हणून साजरा होतो. हीच तारीख जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळतात, आणि त्याचे कारण मात्र आपल्या टोरोंटोच्या अगदी जवळ आहे. येथून उत्तरेकडे गाडीने तासा-सव्वा तासावर अ‍ॅलिस्टन नावाचे गाव आहे. तेथे एका शेतकऱ्याच्या घरी १४ नोव्हेंबर १८९१ रोजी फ्रेडरिक बँटिंगचा जन्म झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा.

माझी त्याच्याशी ओळख घरच्या फ्रिजमुळे झाली. गेल्या उन्हाळ्यात माझी आई नाशिकहून आमच्याकडे राहायला आली. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी तिच्या इन्सुलिनच्या पेनांचा डबा आला. आजी रोज जेवणाआधी पोटाला सुई टोचून घेते हे पाहून माझ्या मुलीने विचारले की हे औषध कोणी शोधले. इथेच कॅनडात कोणीतरी शोधले, एवढेच मला सांगता आले. वीस वर्षे या देशात राहून आणि इंजिनिअरिंगची पदवी घेऊन एवढेच! मग लायब्ररीतून पुस्तके आणली. त्यातून जे कळले ते तुमच्यासाठी लिहीत आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपण पोळी-भात खातो त्याची शेवटी साखर होते आणि ती रक्तात जाते. रक्तातून ती शरीराच्या पेशींमध्ये शिरली तरच आपल्याला शक्ती मिळते. पेशींत शिरायला तिला इन्सुलिन नावाचे द्रव्य लागते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तो हे इन्सुलिन तयार करतो. अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणजेच हॉर्मोन्स म्हणतात. इन्सुलिन नसेल तर कोठार धान्याने भरलेले आणि घरात मात्र उपास, अशी शरीराची अवस्था होते. मग जादा साखर लघवीतून बाहेर जाऊ लागते. आपल्या पूर्वजांनी हे ओळखूनच मधुमेह हे नाव दिले. मधु म्हणजे मध.

मधुमेहाचे मुख्य दोन प्रकार आहेत. माझ्या आईला आहे तो बहुधा मोठेपणी होतो. त्यात शरीर थोडेफार इन्सुलिन बनवते, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. दुसरा बहुतेक वेळा लहानपणी होतो आणि त्यात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. शंभर वर्षांपूर्वी हा दुसरा प्रकार झालेले मूल क्वचितच दोन-तीन वर्षे जगे. डॉक्टरांकडे एकच उपाय होता, तो म्हणजे अगदी थोडे खायला देणे. मुले हाडांचा सापळा होत. उपासमारीने आयुष्य थोडे लांबवायचे, एवढेच हाती होते.

रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. समुद्रातील बेटांसारखे दिसतात म्हणून त्यांना आजही लँगरहान्सची बेटे म्हणतात. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. तेव्हा या बेटांतून काहीतरी स्रवत असणार, ते बाहेर काढून रोग्याला द्यावे, असे अनेकांना वाटले. जर्मनीत झ्युल्झर आणि रुमानियात पाउलेस्कू बरेच जवळ पोहोचले होते, पण रोग्याला नियमित देता येईल असे औषध कोणाच्या हाती आले नव्हते.

आता आपल्या फ्रेडकडे वळू. टोरोंटो विद्यापीठात तो प्रथम वैद्यकाला गेलाच नव्हता. १९१० साली त्याने कला शाखेत नाव घातले आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. १९१२ मध्ये तो वैद्यकाकडे वळला. पहिले महायुद्ध चालू असल्याने त्यांचा अभ्यासक्रम लवकर उरकण्यात आला, आणि १९१६ च्या अखेरीस डॉक्टर होऊन तो सैन्यात गेला. १९१८ साली फ्रान्समध्ये काम्ब्रेच्या लढाईत त्याच्या हाताला तोफगोळ्याचा तुकडा लागला. तशाही अवस्थेत तो इतर जखमींवर उपचार करत राहिला. त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

परत आल्यावर त्याने टोरोंटोच्या मुलांच्या इस्पितळात शस्त्रक्रियेचे काम केले, पण कायमची जागा मिळाली नाही. मग १९२० च्या उन्हाळ्यात आपल्याच ओंटारिओतल्या लंडन गावी त्याने दवाखाना उघडला. दाराशी पाटी लागली, पण रोगी येईनात. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर! घराचे कर्ज डोक्यावर. पोटासाठी त्याने तेथील विद्यापीठात शिकवण्याचे काम धरले.

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री तो शिकवण्याच्या तयारीसाठी स्वादुपिंडावरचा एक लेख वाचत होता. हा त्याचा विषय नव्हता. झोप येईना. पहाटे दोनच्या सुमारास त्याने उठून वहीत चार ओळी खरडल्या, त्यात डायबेटिस या शब्दाचे स्पेलिंगही चुकले. कल्पना अशी होती : स्वादुपिंड पाचक रसही बनवते, आणि तो रसच बेटांतले द्रव्य नासवून टाकत असावा. तेव्हा कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकावी. पाचक रसाचा भाग सुकून गेला की उरलेल्या बेटांतून द्रव्य काढावे.

ही कल्पना घेऊन तो टोरोंटोला प्रोफेसर जॉन मॅक्लाउड यांच्याकडे गेला. साखरेच्या चयापचयाचे ते नामवंत तज्ज्ञ. बँटिंगचे त्या विषयातले ज्ञान तुटपुंजे आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आले. तरीही त्यांनी प्रयोगशाळेत जागा आणि दहा कुत्रे दिले. मदतीला एक विद्यार्थी द्यायचा होता. दोन विद्यार्थी होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. पहिली पाळी कोणाची हे नाणे उडवून ठरले. बेस्ट जिंकला.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. मॅक्लाउड महिनाभराने स्कॉटलंडला गेले. टोरोंटोचा उकाडा आणि वरच्या मजल्यावरची अडचणीची खोली. बँटिंगला पगार नव्हता. पहिल्या काही आठवड्यांत बरेच कुत्रे दगावले. मुलांनो, हा भाग वाचताना मलाही वाईट वाटले, पण तो लपवण्यासारखा नाही. या औषधासाठी त्या प्राण्यांनी प्राण दिले. जुलैच्या शेवटी एका कुत्र्याला अर्क टोचल्यावर त्याच्या रक्तातली साखर उतरली. ऑगस्टमध्ये ९२ क्रमांकाच्या कुत्रीला त्यांनी बरेच दिवस जगवले. ती गेली तेव्हा युद्ध पाहिलेला हा डॉक्टर रडला.

यापुढची गोष्ट मला, रोज प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला, सर्वांत आवडली. बँटिंगची मूळ कल्पना चुकीची निघाली! स्वादुपिंडात असताना पाचक रस निष्क्रिय असतो, आतड्यात पोहोचल्यावर तो कामाला लागतो. म्हणजे नळी बांधण्याची गरजच नव्हती. वर्षअखेरीस त्यांच्याच प्रयोगांतून हे दिसले की खाटकाकडून आणलेल्या गाईच्या ताज्या स्वादुपिंडातून थंड अल्कोहोल वापरून अर्क काढता येतो. मग बँटिंगने स्वतःची लाडकी कल्पना सोडली आणि काम पुढे नेले. चुकीच्या वाटेने निघालेला माणूस वाटेत डोळे उघडे ठेवून चालला, म्हणून पोहोचला.

पण एकटा नाही पोहोचला. डिसेंबरमध्ये जेम्स कॉलिप हा रसायनतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांचा अर्क टोचण्यात आला. त्याचे वजन तीस किलोसुद्धा नव्हते. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्याने सुईच्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावे लागले. कॉलिपने रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला तो टोचल्यावर रक्तातली साखर एका दिवसात ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आली. लेनर्ड आणखी तेरा वर्षे जगला.

त्याच आठवड्यात बँटिंग आणि कॉलिप हातघाईवर आले होते. शुद्धीकरणाची कृती सांगण्यावरून भांडण जुंपले. मोठी माणसेही अशी वागतात! बँटिंग रागीट होता. मॅक्लाउड आपले श्रेय लाटतील ही शंका त्याने आयुष्यभर मनात धरली, आणि त्यात तो त्यांच्यावर अन्याय करत होता असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

ऑगस्ट १९२२ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज उपचारासाठी टोरोंटोला आली. पंधरा वर्षांच्या या मुलीचे वजन अवघे वीस किलो होते. तिच्या आजाराला तीन वर्षे झाली होती, आणि तेवढा काळ ती मोजून मापून उपासावर राहिली होती. इन्सुलिन सुरू झाले आणि ती पोटभर जेवू लागली. पुढे तिचे लग्न झाले, मुलेबाळे झाली, आणि ती १९८१ पर्यंत जगली.

जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला दिले. किंमत प्रत्येकी एक डॉलर. आधी तर बँटिंगला पेटंटवर स्वतःचे नावच नको होते, डॉक्टराने शोधावर पैसा करू नये असे त्याचे मत होते. त्याच शोधाच्या किमतीवरून पुढे शेजारच्या अमेरिकेत किती वाद झाला, आणि २०२३ मध्ये कंपन्यांना किमती कशा खाली आणाव्या लागल्या, हे तुमच्या आई-बाबांनी वाचले असेल.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना जाहीर झाले. बँटिंग तेव्हा ३१ वर्षांचा होता. वैद्यकात त्याच्याइतक्या कमी वयात ते आजवर कोणाला मिळालेले नाही. पण बेस्टचे नाव नाही म्हणून तो संतापला आणि आपली अर्धी रक्कम त्याने बेस्टला दिली. मग मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी कॉलिपला दिली.

पुढे तितका मोठा शोध बँटिंगच्या हातून लागला नाही. फुप्फुसांचे आजार, कर्करोग, विमानचालकांच्या प्रकृतीचे प्रश्न यांवर तो काम करत राहिला. त्याला चित्रकलेचा छंद लागला. १९३४ मध्ये तो सर झाला. दुसऱ्या महायुद्धात कामासाठी इंग्लंडला जायचे होते. निघण्यापूर्वी माँट्रियलमध्ये तो कॉलिपला भेटला, त्यांचे भांडण कधीच मिटले होते आणि मैत्री झाली होती. त्यानंतर न्यूफाउंडलंडमध्ये त्याचे विमान कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो गेला.

इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही, तो ताब्यात राहतो. लंडन गावातल्या बँटिंगच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे अंगणात १९८९ पासून एक ज्योत तेवते आहे. मधुमेहावर कायमचा उपाय सापडेल त्या दिवशी ती विझवायची आहे. आम्ही आईला घेऊन तेथे गेलो होतो. ज्या खोलीत त्याला झोप लागली नाही ती खोली तिने बराच वेळ पाहिली.

पालकांनो, परत येताना गाडीत मुलीने मला विचारले की पहिल्या वर्षी नापास झालेल्या मुलाला त्याचे बाबा रागावले असतील का. मी गप्प बसलो, कारण आदल्याच आठवड्यात तिच्या गणिताच्या मार्कांवरून आमच्या घरी आवाज चढला होता. उत्तर तिच्या आजीने दिले. फ्रेडचे बाबा रागावले असतीलही, पण त्याला पुन्हा कॉलेजात जाऊ दिले ना, असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक काम. आपल्या शंभर डॉलरच्या नोटेची मागची बाजू बघा. २०११ पासूनच्या नोटेवर इन्सुलिनची छोटी बाटली छापलेली आहे. ती शोधा आणि तिची गोष्ट पुढच्या शनिवारी वर्गात मराठीतून सांगा. (नोट बाबांना परत द्यायला विसरू नका!)