कमलताई आणि न मरणाऱ्या पेशी

औंढा नागनाथला आमच्या गल्लीत कॅन्सरचं नाव घेत नाहीत, 'तो आजार' म्हणतात. म्हणून मित्रांनो, डॉ. कमल रणदिवेंबद्दल लिहावंसं वाटलं.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडिलांना मुलगी डॉक्टर हवी होती आणि जावईसुद्धा डॉक्टरच! हिने बॉटनी-झूलॉजी घेतलं आणि १९३९ मध्ये लग्न केलं ते गणितवाल्याशी. १९४९ ला मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी. झाली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय (आडनावाला हसू नका) यांच्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर शिकल्या. त्याच लॅबमध्ये १९५१ साली वाढवलेल्या 'हेला' पेशी आजही जिवंत आहेत.

बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरायचं, असा शरीराचा नियम. कॅन्सरची पेशी तो मोडते. २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध ब्लड कॅन्सरच्या पेशीला पुन्हा मरायला लावतं. पण असं औषध शोधायचं तर आधी पेशी काचेत वाढवता यायला हव्यात ना! भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभारली. उंदरांवर काम करून स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध दाखवला.

१९८२ ला पद्मभूषण मिळालं. मला मात्र पुढचं जास्त भावलं. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. २००१ मध्ये त्या गेल्या.