शामराव परुळेकर : दप्तरांतून उभे राहणारे चरित्र

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराची तात्त्विक ओळख आपण करून घेतली आहे. या पाठात एका राजकीय कार्यकर्त्याचे चरित्र आपण वाचणार आहोत. त्याची मांडणी शक्यतो सार्वजनिक दप्तरांच्या आधारे केली आहे. विधानसभेची सदस्ययादी, निवडणुकीचा निकाल, जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ही या चरित्राची साधने होत. माणूस शासनाच्या संपर्कात येतो तेव्हाच दप्तरात त्याची नोंद होते. म्हणून प्रत्येक नोंदीपाशी आपण दोन प्रश्न विचारावेत. या नोंदीतून काय कळते? आणि ही नोंद लिहिणारा कोण होता?

आपल्यापैकी अनेक जण वसई-विरार परिसरात राहून, नोकरी-संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. त्यांनी एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी वसई, पालघर, डहाणू, जव्हार हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. जुन्या इंग्रजी कागदांत ठाण्याला ‘थाना’ आणि वसईला ‘बॅसीन’ असे लिहिलेले असते. स्थळनामांची ही रूपे माहीत नसतील, तर आपल्याच तालुक्याचा इतिहास समोर असूनही तो आपल्याला ओळखता येणार नाही.

विधानसभेतील प्रवेश

शामराव विष्णू परुळेकर यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ भारत सेवक समाजातून झाला. नामदार गोखले यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या या संस्थेची शिकवण सनदशीर मार्गाची, अभ्यासपूर्ण निवेदनांची आणि संयमाची होती. कामगारांच्या प्रश्नांशी त्यांचा परिचय याच संस्थेत झाला.

ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. १९३७ च्या निवडणुकीत परुळेकर या पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. १७५ जागांच्या त्या सभागृहात पक्षाचे सदस्य पंधराच्या आसपास होते. एवढ्या लहान पक्षाला कायदा मंजूर करून घेणे शक्य नव्हते. प्रश्न मात्र सभागृहाच्या कामकाजात नोंदवून ठेवता येत होता. कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडले ते याच जाणिवेने. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. त्याच्या संघटकांत परुळेकर होते. सभागृहात अल्पमतात असलेला पक्ष आपले बळ सभागृहाबाहेर कसे उभे करतो, याचा हा त्यांना मिळालेला पहिला मोठा धडा होता.

१९३९ मध्ये त्यांचा विवाह गोदावरी गोखले यांच्याशी झाला. त्या स्वतः कायद्याच्या पदवीधर आणि भारत सेवक समाजाच्या सदस्य होत्या. याच सुमारास दोघांनी समाजाचा निरोप घेऊन कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. महायुद्धाला विरोध केल्यामुळे त्यांना कारावासही सोसावा लागला. १९३७ च्या यादीतील सन्माननीय सदस्य आता कैद्यांच्या यादीत आला. एकाच व्यक्तीच्या या दोन शासकीय ओळखी पुढील पंचवीस वर्षे आलटून पालटून आपल्यासमोर येणार आहेत.

वारली प्रदेशात

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. त्यानंतर परुळेकर दांपत्याने डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारली वस्त्यांकडे लक्ष वळवले. तेथील स्थिती सरकारला अज्ञात नव्हती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींविषयी शासनाला अहवाल दिला होता, आणि त्यात जमीनदार-सावकारांकडून होणाऱ्या पिळवणुकीचे स्पष्ट वर्णन होते. अर्थात अन्यायाची नोंद शासनाच्याच दप्तरात होती. नोंद झाली म्हणून वारल्यांचे दुःख हलके झाले नाही.

या व्यवस्थेतील दोन शब्द भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण पाहिले पाहिजेत. पहिला शब्द वेठ, म्हणजे मोबदल्यावाचून सक्तीने करून घेतलेले काम. दुसरा शब्द लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून काढलेले कर्ज फेडण्याकरिता जो तरुण वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर, त्याच्याकडे राबत असे, आणि ज्याच्या पत्नीलाही राबावे लागे, तो लग्नगडी. या शब्दाचा विग्रह करून पाहा. लग्नासाठी काढलेल्या कर्जामुळे झालेला गडी, असा विग्रह होतो. हा मध्यमपदलोपी समास आहे आणि त्यातील लोप पावलेले पद कर्ज हे आहे. ज्या कर्जाने माणूस बांधला गेला, तेच शब्दातून दिसेनासे झाले. रोजच्या वापरात शब्द इतका रुळला की त्यातील गुलामी कोणाच्या कानाला खटकेना.

२३ मे १९४५ रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी, वारल्यांची मोठी परिषद झाली. वेठ करावयाची नाही आणि रोख मजुरीवाचून जमीनदाराच्या शेतावर राबावयाचे नाही, असे निर्णय तेथे झाले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. येथील गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे आणि व्यापाऱ्यांना त्यात मोठा नफा होता. पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मिळावेत, ही मागणी घेऊन वारल्यांनी संप केला.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. जेठ्या गांगड हे त्यांपैकी एकाचे नाव होते आणि आदिवासींच्या स्मरणात ते आजही आहे. परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून तडीपार करण्यात आले.

येथे थोडे थांबून शासकीय भाषेचा विचार करा. गोळीबार करण्यात आला, तडीपार करण्यात आले, अशी वाक्यरचना प्रशासनाला प्रिय असते. व्याकरणात आपण तिला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतो. या रचनेत कर्ता सांगितला नाही तरी वाक्य पूर्ण वाटते. वरील परिच्छेदात गोळीबाराचा कर्ता सांगितला आहे, तडीपारीचा सांगितलेला नाही. हा फरक पहिल्या वाचनात आपल्या लक्षात आला होता का? तडीपारीचा आदेश जिल्ह्याच्या प्रशासनाचा होता, हे पद वाक्यात परत आणले की कृतीची जबाबदारीही परत येते. ठार झालेल्या माणसांच्या बाबतीत दप्तराचा स्वभाव आणखी एका प्रकारे प्रकट होतो. हद्दपार पुढाऱ्याचे नाव पित्याच्या नावासह पूर्ण लिहिले जाते आणि मृत मजुरांचा आकडा लिहिला जातो. या उठावाची हकीकत परुळेकरांनी इंग्रजी पुस्तिकेच्या रूपाने १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. शासकीय कागदाच्या शेजारी ठेवून वाचावीत अशी ही दोन साधने आहेत.

न्यायालय आणि संसद

स्वातंत्र्यानंतर शासन बदलले, तरी परुळेकरांची स्थानबद्धता संपली नाही. १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यानुसार खटला न चालवता माणसाला अटकेत ठेवता येत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या छापील निर्णयांत परुळेकरांच्या नावाचे दोन निवाडे आढळतात. पहिला १९५२ चा आहे. कायद्याची मुदत वाढवल्याने आधीच अटकेत असलेल्या माणसाची स्थानबद्धताही लांबू शकते काय, असा प्रश्न त्यात होता. दुसरा सप्टेंबर १९५६ चा. जानेवारी १९५६ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले असताना, ठाण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना स्थानबद्ध केले होते. अटकेची कारणे राज्य सरकारला विहित रीतीने कळवली होती की नाही, या मुद्द्यावर तेथे वाद झाला. दोन्ही वेळा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला.

हे निवाडे वरवर रूक्ष आहेत. मुदती, कलमे आणि कायद्यातील शब्दांचा अर्थ यांचीच चर्चा त्यांत अधिक आहे. पण चरित्रकाराला त्यांतून माणसाचा स्वभाव दिसतो. परुळेकर रस्त्यावर उतरणारे पुढारी होते आणि तितक्याच चिकाटीने राज्यघटनेने दिलेला न्यायालयाचा मार्गही त्यांनी धरला. भारत सेवक समाजात अंगी बाणलेली सनदशीर शिस्त पक्ष बदलल्यावरही टिकून होती, असे अनुमान या कागदांवरून आपल्याला करता येते. हे अनुमान आहे, हेही वाचकाला सांगणे चरित्रकाराचे कर्तव्य असते.

याच क्रमातील पुढचा कागद १९५७ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल होय. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत, कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून, परुळेकर ठाणे मतदारसंघातून निवडून आले. ज्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याने त्यांना सार्वजनिक व्यवस्थेस धोकादायक ठरवले, त्याच जिल्ह्याच्या मतदारांनी वर्षभरात त्यांना आपला प्रतिनिधी ठरवले. आदेश आणि निकाल ही दोन्ही अधिकृत कागदपत्रे आहेत. पहिल्यात एका अधिकाऱ्याचे मत आहे, दुसऱ्यात हजारो मतदारांचे. एकच कागद हाती घेणाऱ्याला परुळेकर अर्धेच समजतील.

ठाणे त्या वेळी द्विसदस्य मतदारसंघ होता. दुसरी जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती आणि तिच्यावर लक्ष्मण महादू मातेरा निवडून आले. तलवाड्याच्या गोळीबारानंतर बारा वर्षांनी, जिथे आदिवासी केवळ आकड्याने मोजला गेला होता, त्या जिल्ह्यातील आदिवासी प्रतिनिधीचे पूर्ण नाव संसदेच्या यादीत छापले गेले. परुळेकरांच्या नावाइतकेच त्याच्या शेजारचे हे नावही आपण वाचले पाहिजे.

अखेर

दुसऱ्या लोकसभेची मुदत १९६२ मध्ये संपली. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षात फूट पडली आणि परुळेकर मार्क्सवादी पक्षात गेले. त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांची देशभर धरपकड झाली, तीत तेही अटकेत पडले. ३ ऑगस्ट १९६५ रोजी तुरुंगातच त्यांचे निधन झाले. मृत्यूसमयी ते माजी आमदार होते, माजी खासदार होते आणि स्थानबद्ध होते. गोदावरीबाईंनी पुढे तीन दशके आदिवासींमध्ये कार्य केले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

परुळेकरांनी तीन पक्षांत काम केले. त्यांपैकी एकही पक्ष त्यांच्या हयातीत महाराष्ट्रात सत्तेवर आला नाही. त्यांच्या नावावर मंत्रिपद नाही की मोठा कायदा नाही. सत्तेच्या पायऱ्या मोजून त्यांचे चरित्र लिहू गेल्यास ते दोन पानांत संपेल. त्यांच्या कार्याचे माप वेठ आणि लग्नगडी हे शब्द लोकव्यवहारातून किती मागे पडले, यावरून घ्यावे लागते, आणि असे माप कोणत्याही एका दप्तरात लिहिलेले नसते. ते वेगवेगळे कागद शेजारी ठेवून, त्यांत गाळलेली पदे भरून, आपल्याला काढावे लागते. चरित्रलेखनात साधनचिकित्सेचे महत्त्व ते हेच.

स्वाध्याय

१. १९५६ चा स्थानबद्धता आदेश आणि १९५७ चा निवडणूक निकाल या दोन कागदांतून परुळेकरांचे कोणते परस्परविरोधी चित्र उभे राहते, ते आपल्या शब्दांत लिहा.

२. एखाद्या शासकीय सूचनेतील नवीन कर्मणी प्रयोगाची पाच वाक्ये निवडा. प्रत्येक वाक्यातील कर्ता शोधून ती वाक्ये कर्तरी प्रयोगात पुन्हा लिहा आणि अर्थात पडणारा फरक नोंदवा.

३. आपल्या तालुक्यातील एका दिवंगत लोकप्रतिनिधीची निवड करा. निवडणूक निकाल, सभागृहाचे कामकाज आणि वृत्तपत्रे यांपैकी किमान दोन साधनांच्या आधारे त्यांच्या जीवनावर तीनशे शब्दांचे टिपण लिहा. अनुमान कोणते आणि नोंद कोणती, हे टिपणात स्पष्ट दाखवा.