जीपच्या उंच कपाळामागचा अभियंता

मंचरहून भीमाशंकरकडे निघालेला रस्ता घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून पोखरीचा घाट चढतो आणि तळेघरला पोहोचतो. खेडकडून वाड्यामार्गे येणारा रस्ताही येथेच येऊन मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या या डोंगराळ, अतिपावसाच्या पट्ट्यात आणि सह्याद्रीतील अशा असंख्य गावांत एसटीखालोखाल लोकांना भरवसा वाटला तो जीपचा. रुग्णाला दवाखान्यात नेणे असो, बाजारचा माल असो की वऱ्हाड. चिखलाच्या चढावर टिकणारे वाहन म्हणजे जीप, हे समीकरण दोन-तीन पिढ्यांच्या मनात पक्के झाले. या जुन्या जीपचे एक वैशिष्ट्य लहान मुलालाही ठाऊक असे. तिचे बॉनेट उंच आणि कपाळ रुंद. ही उंची शोभेसाठी नव्हती. जुन्या इंजिनावर नव्या रचनेचे सिलिंडर हेड बसवल्यामुळे ती जीपच्या वाट्याला आली होती. हे काम ज्यांचे, त्या डेलमार 'बार्नी' रूस यांचे नाव मात्र जीपच्या कीर्तीमागे झाकले गेले.

बार्नी रूस यांचा जन्म १८८८ मध्ये न्यूयॉर्कमधला. कॉर्नेल विद्यापीठातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा अमेरिकेतील मोटार उद्योग बाल्यावस्थेत होता. लोकोमोबिल, पिअर्स-ॲरो, मार्मन अशा नामांकित कंपन्यांत अनुभव घेत १९२६ मध्ये ते स्टुडबेकर कंपनीत आले आणि तेथे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या कारकिर्दीत या कंपनीच्या आठ सिलिंडरच्या 'प्रेसिडेंट' मोटारीने मोठा लौकिक मिळवला. १९२८ मध्ये या मोटारींनी अटलांटिक सिटीजवळच्या धावपट्टीवर तीस हजार मैलांचे अंतर तीन आठवड्यांहून कमी काळात कापून दाखवले. १९३४ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. पुढे काही काळ इंग्लंडमध्ये हंबर आणि हिलमन मोटारी बनवणाऱ्या रूट्स समूहासाठी काम करून १९३८ मध्ये ते मायदेशी परतले आणि ओहायोतील टोलेडो येथील विलीस-ओव्हरलँड कंपनीत दाखल झाले.

ऐश्वर्यसंपन्न मोटारींवर हात बसलेल्या अभियंत्यासाठी ही जागा तशी साधीच होती. मंदीच्या तडाख्याने विलीस कंपनीचे कंबरडे मोडले होते. तिच्याकडे एकच लहान चार सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याचे मूळ १९२० च्या दशकातील 'व्हिपेट' या स्वस्त मोटारीत होते. त्याची ताकद अवघी ४८ अश्वशक्ती. अधिक वेगाने काही काळ चालवले की त्याची बेअरिंग्ज दगा देत. नवे इंजिन घडवायचे तर नवे साचे, नवी यंत्रे आणि अफाट पैसा हवा. तो कंपनीकडे नव्हता. तेव्हा रूस यांनी आहे तेच इंजिन हाती घेतले. सिलिंडरचा ७९ मिलिमीटर व्यास आणि पिस्टनचा १११ मिलिमीटरचा पल्ला त्यांनी तसाच ठेवला. बाकी जवळजवळ प्रत्येक भाग तपासला. धातू अधिक कणखर निवडले, भागांमधील फटी बारकाईने कमी केल्या, पिस्टन ॲल्युमिनियमचे केले, फ्लायव्हीलचे वजन उतरवले. दोन वर्षांच्या या चिकाटीतून तेच इंजिन ६० अश्वशक्ती देऊ लागले आणि तासन्‌तास न कुरकुरता चालू लागले. 'गो डेव्हिल' या नावाने ते ओळखले गेले.

या कष्टांचे मोल १९४० मध्ये कळले. युरोपात युद्ध पेटले होते आणि अमेरिकी लष्कराला चारही चाकांनी चालणारे हलके टेहळणी वाहन हवे होते. बँटम, विलीस आणि फोर्ड या तीन कंपन्या स्पर्धेत उतरल्या. प्रतिस्पर्ध्यांची इंजिने ४५ अश्वशक्तीच्या आसपासची होती. चढणीवर आणि चिखलात विलीसच्या गाडीला तोड नव्हती. पण ती जड होती. लष्कराने घालून दिलेली मर्यादा सुमारे ९८० किलोची होती आणि विलीसच्या नमुन्याचे वजन त्याहून शंभरावर किलोंनी अधिक भरत होते. हलके इंजिन बसवणे हा सोपा मार्ग समोर होता. रूस यांनी तो नाकारला. त्यांनी गाडीचा प्रत्येक भाग सुटा करून वजन केला. लांब बोल्ट कापले, पत्रा पातळ केला, रंगाचाही हात मोजून दिला. गाडी कशीबशी मर्यादेत आली आणि इंजिन शाबूत राहिले. १९४१ च्या जुलैमध्ये विलीसला सोळा हजार गाड्यांचे कंत्राट मिळाले. युद्ध संपेपर्यंत विलीसने साडेतीन लाखांहून अधिक जीप बनवल्या. याच आराखड्यानुसार फोर्डने बनवलेल्या जीपची संख्या पावणेतीन लाखांच्या पुढे गेली.

युद्धानंतर जीप शेतावर आणि रस्त्यावर आली, तशी अधिक ताकदीची मागणी होऊ लागली. कंपनीचा हात अजूनही आखडताच होता. रूस पुन्हा त्याच इंजिनाकडे वळले. या वेळी त्यांचे लक्ष होते हेडवर.

गो डेव्हिलमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारे आणि जळका वायू बाहेर टाकणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. वरचे हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. ही रचना स्वस्त आणि टिकाऊ. पण तिला एक मर्यादा होती. दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी दाटीने बसवल्यामुळे त्यांचा आकार वाढवता येत नसे आणि मिश्रणाला वळसा घेऊन सिलिंडरमध्ये शिरावे लागे. इंजिनाचा श्वासच कोंडला जाई. रूस यांनी आत घेणारा व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून हेडमध्ये, थेट सिलिंडरच्या माथ्यावर नेला आणि मोठा केला. बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह मूळ जागीच ठेवला. 'एफ-हेड' म्हणून ओळखली जाणारी ही रचना नवी नव्हती. त्या काळात रोल्स-रॉइस आणि रोव्हर यांच्या मोटारींतही ती होती. रूस यांचे वेगळेपण असे की, जुन्याच ब्लॉकच्या मापांवर त्यांनी ती उतरवली.

हे काम झाकण बदलण्याइतके सोपे नसते, हे कोणताही मेस्त्री सांगेल. हेडचे बोल्ट ब्लॉकच्या छिद्रांशी जुळावे लागतात. पाण्याच्या वाटा एकमेकींसमोर याव्या लागतात, नाहीतर गॅस्केट जळते आणि पाणी तेलात उतरते. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे मधल्या अंतरासाठी पुशरॉड आणि वर रॉकर आले. त्यांना जागा देण्यासाठी ब्लॉकमध्येही फेरफार करावे लागले. तरीही सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा पल्ला कायम राहिला. १९५० मध्ये बाजारात आलेल्या या 'हरिकेन' इंजिनाने २१९९ घनसेंटिमीटरच्या त्याच आकारमानातून सुमारे ७२ अश्वशक्ती दिली.

मात्र हेड वाढले तसे इंजिन उंच झाले. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी या जीपचे बॉनेट आणि पुढची जाळी म्हणूनच वर उचलण्यात आली. देखणेपणाच्या दृष्टीने अनेकांनी नाके मुरडली, पण गाडी चालत राहिली. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले.

भारतात मात्र तिला दीर्घायुष्य लाभायचे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमधील इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख असलेले के. सी. महिंद्र यांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली होती. भारतातील कच्च्या रस्त्यांना हेच वाहन मानवेल, हे महिंद्र यांनी त्यातून हेरले. १९४५ मध्ये बंधू जे. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह मुंबईत त्यांनी कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. माझगावमध्ये सुट्या भागांतून जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे उंच बॉनेटची जीपच भारतीय जीप म्हणून रूढ झाली.

कालांतराने पेट्रोल महाग झाले आणि डिझेलचे दिवस आले. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. अनेक मालकांनी गॅरेजमध्ये हरिकेन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवून घेतले. बॉनेटखालची ऐसपैस जागा अशा वेळी कामी येई. ज्या हेडसाठी कपाळ उंचावले, ते हेड गेले, कपाळ राहिले.

बार्नी रूस यांचे निधन १९६० मध्ये झाले. जीप नेमकी कोणाची, हा वाद त्यांच्या हयातीतही होता आणि नंतरही मिटला नाही. पहिला नमुना बँटमचा, पुढची जाळी फोर्डची, हे मान्यच करावे लागते. इंजिनाबाबत मात्र वाद नाही. नवे घडवण्याची ऐपत नसलेल्या कंपनीत, दुसऱ्याने टाकाऊ ठरवले असते अशा यंत्रावर त्यांनी बारा वर्षे काम केले. त्या इंजिनाचे दोष त्यांनी आधी दूर केले, गुण मग वाढवले. साधनांच्या टंचाईत काम करणाऱ्या आपल्याकडच्या यंत्रज्ञांना ही रीत परकी नाही. म्हणूनच टोलेडोत घडलेली ती गाडी सह्याद्रीच्या घाटात कधी उपरी वाटली नाही.